हमीदचाचा, मंदारचा निकाल राहिला

चाचा, हे काही बरं केलं नाहीत.

जायचंच होतं तर मार्चनंतर जायचं, सीझन संपल्यावर. नाहीतर उन्हाळ्यात जायचं, तेव्हा दोह्यातली निम्मी माणसं तशीही गावाला गेलेली असतात आणि मैदानाकडे कुणी फिरकत नाही. तुम्ही नेमके जानेवारीत गेलात, मधल्या सुट्टीच्या तोंडावर, रिव्ह्यू अगदी जवळ आलेला असताना. माझा नवरा एवढ्या वर्षांत पहिल्यांदा धडाधड रन काढत होता, आणि ते तुम्हाला सगळ्या टीमसमोर उभं राहून कबूल करावं लागणार होतं. डॉक्टर म्हणाले हार्ट अटॅक. मला विचाराल तर तुम्ही पळ काढलात.

गेलेल्या माणसाशी असं बोलू नये म्हणतात. पण तुमच्याशी मी गोड बोलले असते तर तुम्ही मला आधी बरं वाटतंय ना, असं विचारलं असतंत. आपलं कधी गोड जमलंच नाही. मी दोह्यात नवीन आले तेव्हा पहिल्याच शुक्रवारी मंदारने मला उजाडायच्या आत उठवून अबू हमूरच्या पलीकडच्या त्या ओसाड मैदानावर आणलं आणि स्वतः पॅड बांधायला निघून गेला. मी गाडीतच एसी लावून बसले होते. कोल्हापुरातून आलेली, ओळख ना पाळख, समोर वाळू, आणि वाळूत पांढरे बूट घालून धावणारे मोठे मोठे पुरुष. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट, हातात करक चहाचा कप.

"बाय, गाडीत बसून काय बगतंस? भायेर ये, हय सावली हाय."

सावली म्हणजे तुमची ती मोठी छत्री, स्क्वेअर लेगच्या सीमेबाहेर वाळूत रोवलेली. तिच्याखाली दोन घडीच्या खुर्च्या. दुसरी खुर्ची कुणासाठी आणायचात ते मी कधी विचारलं नाही. त्या दिवसापासून ती माझी झाली. मी बसले, चहा घेतला, आणि समोर एक पोरगा आडवी बॅट फिरवून आउट झाला तेव्हा न राहवून म्हणाले, हा काय शॉट झाला? तुम्ही शांतपणे सांगितलंत की तो तुमचा पुतण्या आहे, इम्तियाज. मी म्हटलं, असेल, पण शॉट वाईट होता. तुम्ही कप खाली ठेवलात. तिथून जे भांडण सुरू झालं ते परवापरवापर्यंत चालू होतं.

तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. त्या पहिल्या वर्षी इथे माझ्याशी सगळे फार नीट वागायचे. ऑफिसात सगळे मॅडम म्हणायचे, बिल्डिंगमध्ये हसायचे, घरून फोन आला की आई जपून राहा म्हणायची. भांडत कुणी नव्हतं. आपल्या भाषेत, आपल्या तोंडावर, "तुना काय कलतंय" असं मला म्हणणारं या देशात कुणी नव्हतं. शुक्रवारी तुम्ही म्हणायचात. मग मी आठवडाभर माणसात असायचे.

भांडणाचा मुख्य विषय मात्र मंदारच. आमच्या मंदारची बॅटिंग कशी आहे ते सांगायला त्याची नोकरी सांगितली तरी पुरतं. तो बांधकामात काँक्रीटच्या क्वालिटीचं काम बघतो. समोर आलेला प्रत्येक बॉल तो आधी तपासतो, मग मान्य करतो आणि मग सोडून देतो. दुसरीकडे कुठे हे चाललं असतं. पण आपल्या मॅचेस शुक्रवारी पहाटे सुरू होतात आणि जुम्म्याच्या आत संपवाव्या लागतात. निम्म्या टीमला नमाजला जायचं असतं आणि उरलेली निम्मी टीम त्यांच्याच गाड्यांतून आलेली असते. त्यामुळे आपल्याकडे हळू खेळणं हे नुसतं क्रिकेटमधलं पाप राहत नाही. मंदार ओपनिंगला उतरला की तुम्ही आधी आकाशाकडे बघायचात, मग घड्याळाकडे, मग माझ्याकडे.

"इमाम काय तुज्या नवऱ्यासाठी थांबनार हाय, बाय?"

मी म्हणायचे, एक बाजू कुणीतरी धरून ठेवायला नको का? तुम्ही म्हणायचात, धर की, पन बाजू धरून मशिदीत तरी घेऊन ये. एकदा तर तुम्ही चालू ओव्हरमध्ये तुरुतुरु चालत अंपायरकडे गेलात आणि त्याला मनगटावरचं घड्याळ दाखवून परत आलात. तो बिचारा केरळचा होता. त्याला वाटलं, तुम्ही टाइमआउट मागताय.

आणि मंदारचं बोट मोडलं होतं तेव्हा? कॅच घेताना मोडलं, बॅटिंगमध्ये मोडणं शक्यच नव्हतं, हेही तुम्हीच म्हणालात. पण गाडीत सगळ्यांच्या आधी तुम्ही बसलात. इमर्जन्सीत तुम्ही त्याच्या शेजारून हलला नाहीत. नर्स म्हणाली, थोडा वेळ लागेल, तर तुम्ही तिला हिंदीत समजावलंत, "आराम से देखो सिस्टर, ये कभी जल्दी में नहीं रहता." मंदार कळवळत होता तरी हसला. परत येताना जुम्मा चुकला म्हणून तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मी वाट बघत होते की आता बोलाल. नाही बोललात.

तुमचा रिव्ह्यू हा आपल्या टीमचा कायदा कसा झाला, हे नव्या पोरांना माहीतच नाही. मी येण्याआधीची गोष्ट, तुम्हीच सांगितलेली. टीममध्ये अर्धे तुमच्या रत्नागिरी-रायगडचे आणि अर्धे आमच्या घाटावरचे. ओपनिंगला कोण जाणार यावरून एका वर्षी असं वाजलं की टीम फुटायला आली. दोघांनाही चालेल असा माणूस हवा होता. कोकणातला असून ज्याने आयुष्यात हातात बॅट धरली नाही आणि म्हणून ज्याचा कुणालाच मत्सर नाही, असे तुम्ही एकटेच होतात. तुम्ही दोन अटी घातल्यात. एक म्हणजे टीमचं नाव घाटमाथा इलेव्हन ठेवायचं, कारण घाटमाथा दोन्हीकडच्यांचा. दुसरी अशी की सीझनच्या मध्यावर तुम्ही प्रत्येक बॅट्समनचं काय ते तोंडावर सांगणार, आणि उरलेल्या सीझनची बॅटिंग ऑर्डर त्यावरून लागणार. कुणी उलट बोलायचं नाही. तेव्हापासून दर जानेवारीत मधल्या सुट्टीतल्या शुक्रवारी जुम्म्यानंतर सगळे तुमच्या घरी जमायचे. सलमाचाची सांदणं आणि मटण करायची. आधी जेवण व्हायचं, कारण रिव्ह्यूनंतर काहींना घास जात नसे.

तुम्ही आयुष्यभर कार्गोच्या ऑफिसात क्लिअरन्सचं काम केलंत. त्यामुळे माणसाचे तुमच्याकडे तीनच प्रकार होते. क्लिअर, होल्ड, आणि परत पाठवा. कागद नाही, टिपण नाही. हात मागे बांधून उभे राहायचात आणि एकेकाला सोडवायचात. बॉल टाकण्याआधीच पुढे येणाऱ्या एकाला तुम्ही सांगितलं होतंत की माल पोर्टावर यायच्या आधीच तू सही करतोस. तो त्या वर्षीपासून क्रीजमध्ये उभा राहायला शिकला. मंदारच्या नावापुढे मात्र दरवर्षी एकच. होल्ड, नंबर सात. आणि मग मार्चपर्यंत कॅप्टन प्रशांत ओपनिंगची दुसरी माणसं वापरून बघायचा, ती पटापट आउट व्हायची, आणि ऑक्टोबरमध्ये नव्या सीझनला मंदार पुन्हा पहिल्या नंबरवर. पुढच्या जानेवारीत पुन्हा होल्ड. हे वर्षानुवर्षं चाललं. मी दरवर्षी घरी जाताना गाडीत तुमच्या नावाने बोटं मोडायचे आणि मंदार म्हणायचा, जाऊ दे गं, चाचा आहेत.

या वर्षी मात्र काहीतरी झालं. मंदार ऑक्टोबरपासून मारत सुटला. म्हणजे मंदारच्या मानाने. पण चेंडू सोडून देणं त्याने थांबवलं, आणि पायावर आलेला प्रत्येक बॉल उचलून आपल्या छत्रीच्या दिशेने भिरकवायला लागला. दोनदा तुम्हाला खुर्चीसकट सरकावं लागलं. पहिल्या मॅचनंतर तुम्ही म्हणालात, वारा होता. दुसऱ्या मॅचनंतर म्हणालात, तो बॉलर नाइट ड्युटी करून आलाय, डोलं बग त्याचं. तिसऱ्या मॅचला तुम्ही बॉल मागवून घेतलात आणि त्यावरची टेप दाबून दाबून बघितलीत. मी खुर्चीत बसून करक पीत होते. असं सुख मला लग्नातही झालं नव्हतं.

शेवटच्या शुक्रवारी त्याने मॅच एकट्याने काढून दिली. जुम्म्याला भरपूर वेळ उरला होता. तुम्ही नेहमीप्रमाणे आमच्या गाडीत पुढच्या सीटवर, मी मागे लेकीबरोबर. अल हिलालच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी पुढे वाकून विचारलं, काय चाचा, आता तरी क्लिअर? मंदारने आरशात बघितलं. ऐकायला तोही थांबला होता, मला दिसलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. सिग्नल हिरवा झाला.

"रिव्ह्यूत सांगन," म्हणालात.

आणि पुढच्या गुरुवारी दुपारची असरची नमाज घरीच पढून खुर्चीत बसलात ते उठलाच नाहीत.

इम्तियाजचा फोन आला तेव्हा मी मुशैरिबला ऑफिसातच होते. पुढचं मला धड आठवत नाही. मी रडत टॅक्सीत बसले आणि ड्रायव्हर मला सगळ्या रस्ताभर नेपाळीत समजावत होता, एवढं आठवतं. त्याचं एक अक्षर कळलं नाही, पण बरं वाटलं.

तुमच्या दफनाची हकिगत तुम्हाला सांगायलाच हवी, कारण तुम्ही असता तर पोट धरून हसला असतात. शुक्रवारची मॅच अर्थातच रद्द होती. पण प्रशांतने गुरुवारी ग्रुपवर रडत रडत एवढंच लिहिलं, "चाचा गेले. उद्या सगळ्यांनी यायचं. वेळेवर." कुठे यायचं ते लिहिलंच नाही. आपल्या माणसांना शुक्रवारी वेळेवर यायची एकच जागा ठाऊक. सगळी टीम पहाटे जर्सी घालून मैदानावर हजर. समोरच्या टीमला कॅन्सलचा निरोप पोचला नव्हता म्हणून तेही आलेले. प्रशांत एकटा हॉस्पिटलबाहेर उभा राहून फोनवर सगळ्यांना शिव्या घालत होता. मग तिथूनच एक गाडी हॉस्पिटलला, एक चाचीकडे, एक कागदांच्या मागे, अशी धावपळ सुरू झाली. घरी जाऊन कपडे बदलायला कुणाला सुचलं नाही आणि वेळही नव्हता.

जुम्म्यानंतर जनाजा निघाला तेव्हा खांदा द्यायला सगळे जर्सीत. आणि जर्सी तुमच्याच कार्गो कंपनीने दिलेल्या. प्रत्येकाच्या पाठीवर मोठ्या पिवळ्या अक्षरांत "डोअर टू डोअर". मंदार सांगत होता, मागून येणाऱ्या एका म्हाताऱ्या अरबाने ते वाचलं, सगळ्यांच्या पाठी एकेक करून बघितल्या, आणि पुढे होऊन स्वतः खांदा दिला. समोरच्या टीमनेही दिला. त्यांच्या जर्सीवर एका हॉटेलची जाहिरात होती. इम्तियाज म्हणतो, चाचांना दोन टीमच्या खेळाडूंनी पोचवलं, असं दोह्यात दुसऱ्या कुणाचं झालं नसेल. हे सांगताना तो हसत होता आणि मग हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला.

चाचीकडे मी रोज संध्याकाळी जाते. ती इद्दतीत आहे, बाहेरच्या पुरुषांना भेटत नाही, त्यामुळे टीमचे सगळे निरोप माझ्यामार्फत. तिसऱ्या चौथ्या दिवशी तीच म्हणाली की रिव्ह्यू व्हायला हवा. मी म्हटलं, चाची, आता कसला रिव्ह्यू. तिने ऐकूनच घेतलं नाही. ती म्हणाली, ते दरवर्षी महिनाभर आधी मला बसवून सगळा रिव्ह्यू म्हणून दाखवायचे, माझे कान किटायचे. मी जरा पुढे सरकले. विचारलं, मग यंदाचा म्हणून दाखवला होता?

दाखवला होतात. इम्तियाजचा, प्रशांतचा, नितीनचा, सगळ्यांचा.

"मंदारचा आला की उठून टीव्ही लावायचे," चाची म्हणाली. "जेवताना पन मधीच थांबायचे. म्हनायचे, त्यान आज परत मारलान."

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली. मीही हसले. पण चाचा, घरी येताना लिफ्टमध्ये मला इतका राग आला तुमचा. एक शब्द हवा होता. तो चाचीपाशी तरी ठेवून जायचात.

त्यानंतरच्या शुक्रवारी मॅच होती. छत्री इम्तियाजने आणून रोवली, पण खुर्च्या आणायचा त्याला धीर झाला नाही. मी गाडीत बसले. मंदार ओपनिंगला गेला, गार्ड घेतला आणि एकेक बॉल सोडत राहिला. पायावरचे, ऑफचे, फुलटॉससुद्धा. जुन्या मंदारसारखे तपासून नाही, नुसते सोडून दिले. मग एक सरळ बॉल आला आणि दांडी घेऊन गेला. तो परत चालत येताना समोर बघत होता, मान खाली नव्हती, आणि मला तेच बघवेना. गाडीत येऊन बसला, ग्लोव्ह्ज काढले. मी म्हटलं, होतं असं. त्याने समोरच्या काचेतून छत्रीकडे बघितलं.

"मारून दाखवायचं कुणाला?" म्हणाला.

त्या आठवड्यात तो घरात फक्त हो आणि नाही बोलला. लेकीने विचारलं, बाबा, आर यू ओके? तर तिलाही हो. बुधवारी जेवताना त्याने सांगितलं की वय झालं, गुडघा दुखतो, रिव्ह्यू झाला की खलास, सुट्टीनंतर मी खेळणार नाही. गुडघा दुखतो हे मला नवीनच होतं. एवढी वर्षं मी या माणसाची बाजू तुमच्याशी लढवत आले आणि आता तो स्वतःच मैदान सोडून चालला होता. माझ्या हातात काय होतं? फक्त रिव्ह्यू. कारण तो टीमने माझ्यावरच टाकला होता. चाचांच्या शेजारी तुम्हीच बसायच्या भाभी, असं इम्तियाज म्हणाला, आणि बाकी कुणाची हरकत नव्हती.

मी तयारी केली. ऑफिसात रिपोर्ट करत नाही एवढी केली. मंदारसाठी मी ठरवलं होतं, क्लिअर म्हणायचं. पहिला नंबर. जे तुमच्या तोंडून यायला हवं होतं ते माझ्या तोंडून येईल, बायको म्हणून लोक हसले तर हसू देत. निदान तो ऐकेल आणि राहील.

रिव्ह्यू प्रशांतच्या अबू हमूरच्या व्हिलात झाला. सांदणं चाचीनेच पाठवली. मी उभी राहिले, हात मागे बांधले आणि लगेच सोडले, कारण इम्तियाजने ते बघून रुमाल काढला. म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच केली. इम्तियाज, तुला ऑफ साइड नावाची दिशा आहे हे कुणी सांगितलंय का? प्रत्येक माल एकाच दाराने काढतोस. दोन मॅचमध्ये सत्तरी आणि बाकीच्या मॅचमध्ये भोपळा, याला फॉर्म म्हणत नाहीत, लॉटरी म्हणतात. होल्ड, नंबर चार. तो डोळे पुसत हो म्हणाला.

नितीन आयटीतला. त्याच्या मोबाइलमध्ये प्रत्येकाची सरासरी असते, फक्त स्वतःची काढताना नेटवर्क जातं. फास्ट बॉलर आला की बुटाची नाडी सुटते. परत पाठवा, म्हणजे नवव्या नंबरवर. सलीमभाई रायगडचे, आपले कीपर. शेवटच्या ओव्हरींत उतरून गुपचूप काम करून येतात, आणि अर्धशतक झालं तरी बॅट वर करायला लाजतात. क्लिअर, नंबर पाच, आणि बॅट वर करायची, हा हुकूम. प्रशांत, तू कॅप्टन आहेस म्हणून सांगते, "यस, नो, वेट, सॉरी" हे कॉलिंग नव्हे. यंदा तुझ्यामुळे जेवढे रनआउट झाले तेवढे समोरच्या टीमच्या फील्डरांमुळे झाले नाहीत. क्लिअर, पण तुझ्याबरोबर पळायला दरवेळी वेगळा माणूस पाठवायचा, नुकसान वाटून घ्यायला. सगळे हसत होते. चाचा, तुमची मजा कशात होती ते मला तेव्हा कळलं. एवढ्या माणसांना एकेक करून तोंडावर बोलायचं आणि त्यांनी ते मानायचं, याची नशाच चढते.

मग मंदार राहिला.

मी त्याच्याकडे बघितलं. तो भिंतीला टेकून बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर तो नम्र भाव होता जो आपण कुणाकडे समाचाराला गेल्यावर आणतो. मी काय म्हणणार ते त्याला ठाऊक होतं. बाकीच्यांनाही. सगळे टाळ्या वाजवायच्या तयारीत होते. मी क्लिअर म्हटलं असतं तर त्याने मान हलवली असती, थँक्यू म्हटलं असतं, आणि घरी येऊन बॅट कायमची माळ्यावर टाकली असती. कौतुक झालेल्या माणसाला निरोप देणं किती सोपं असतं.

"मंदार," मी म्हणाले. "होल्ड. नंबर सात."

प्रशांतच्या बायकोने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. मंदारला वाटलं त्याने चुकीचं ऐकलं.

मी थांबले नाही. म्हटलं, यंदा रन झाले हे खरं, पण सगळे एकाच बाजूला. मी ती बाजू दर शुक्रवारी बघत होते. मैदानाला तिकडे उतार आहे. बॉलला नुसता धक्का दिला तरी तो सीमेवर जातो, त्यात बॅट्समनचं काय कौतुक? मैदान सपाट असतं तर हा माणूस गेल्या वर्षी होता तिथेच असता.

"उतार?" मंदार म्हणाला.

इम्तियाज पहिला हसला. मग बाकीचे. मंदार मात्र उठून उभा राहिला होता. चाचा, त्याचा चेहरा लाल झाला होता, आणि दोन आठवड्यांनंतर मला माझा नवरा दिसला.

"त्या मैदानाला उतार? पावसाचं पाणी बघितलंस कधी तिथे? जागच्या जागी उभं राहतं. कुणी सांगितलं तुला उतार आहे म्हणून?"

मला दिसतं की, मी म्हटलं. रिव्ह्यूला उलट बोलायचं नाही, हा नियम आहे.

घरी येताना अबू हमूरपासून अल हिलालपर्यंत आम्ही भांडलो. पुढची सीट रिकामी होती, मी मुद्दाम मागेच बसले होते, आणि तो आरशात बघून भांडत होता. त्याने मला प्रत्येक मॅचमधला प्रत्येक शॉट सांगितला. कुठल्या बॉलरला, कुठल्या ओव्हरमध्ये, बॉल किती उंचीवरून गेला. उतारावरून घरंगळणारा बॉल छत्रीच्या वरून जातो का, असं मला विचारलं. लेक म्हणाली, मम्मा, ही हॅज अ पॉइंट. मी म्हटलं, तू गप्प बस. गुडघ्याचा विषय कुणी काढला नाही.

आज शनिवार. मी हे मैदानाच्या कडेला गाडीत बसून लिहितेय, कारण साहेब साइटवरचं लेव्हलचं यंत्र घेऊन आलेत. ते तिपाईवर उभं केलंय, आणि सुट्टीच्या दिवशी नितीनला बोलावून घेऊन त्याच्या हातात मापाची पट्टी दिलीय. तो बिचारा पीचपासून स्क्वेअर लेगपर्यंत पावलापावलावर पट्टी धरून उभा राहतोय आणि मंदार यंत्रातून बघून बघून ओरडतोय. आत्ताच काचेजवळ येऊन मला सांगून गेला. उतार नाही. असलाच तर किंचित चढ आहे, छत्रीच्या बाजूला. म्हणजे ते सगळे बॉल त्याने चढावर मारले.

मी म्हटलं, तरी सातच.

"पुढच्या शुक्रवारी बाहेर खुर्ची टाकून बस," तो म्हणाला. "आणि बघ."

बसेन. आता दरवर्षी मीच त्याला होल्ड म्हणणार आणि तो मला दाखवून देणार. बरं चालेल. फक्त त्याची बाजू घेऊन माझ्याशी कुणी भांडणार नाही, त्याला माझा इलाज नाही. म्हणून तुम्हाला सांगते, तिथे कुणाजवळ बोलू नका. मंदार क्लिअर आहे, चाचा. पहिल्या नंबरला, कधीचाच. तुम्हालाही ते माहीत होतं ना? नुसती मान हलवली असतीत सिग्नलला, तरी मला पुरलं असतं.